चीक ओठाच्या आत लागत नाही

नोकरीभर माझ्या पर्समध्ये एक काचेचा ग्लास असायचा. साधा, पातळ, आरपार दिसणारा, रुमालात गुंडाळलेला. त्या ग्लासाने माझी जेवढी बदनामी केली तेवढी माझ्या तिखट तोंडानेही केली नसेल. खेड्यात कुणाच्या ओट्यावर बसले, चहा आला, आणि पर्समधून काही काढताना ग्लास बाहेर डोकावला, की घरातल्या बाईचा चेहरा पडायचा. या बाईला आमच्या कपातला चहा चालत नाही, स्वतःचं भांडं घेऊन फिरते! पारोळ्याकडच्या एका आजीने तर तोंडावर सुनावलं, "बाई, आमना कप धोयेल शेत." तिची समजूत काढायला मी लागोपाठ दोन कप चहा प्याले आणि पुढचा सबंध दिवस आम्लपित्ताने तळमळले.

ग्लास चहासाठी नव्हता, मुलांच्या कातडीसाठी होता. अंगावर लाल ठिपका दिसला की त्यावर काच दाबायची आणि आरपार बघायचं. ठिपका काचेखाली नाहीसा झाला तर ते पुरळ, डास, घामोळं, गोवर, असलं काहीतरी. रक्त अजून शिरेच्या नळीतच आहे, दाबल्यावर बाजूला सरकतं एवढंच. पण ठिपका तसाच राहिला, तर रक्त नळीबाहेर आलेलं आहे. मग चहा बाजूला ठेवायचा आणि गाडी काढायची.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. मी डॉक्टर. माहेर धुळ्याचं आणि नोकरी सरकारी, बरीचशी जळगाव जिल्ह्यात, थोडी धुळ्यात. लसी टोचणं हे माझं काम नव्हतं, ते आमच्या नर्सबाया करायच्या, आणि माझ्यापेक्षा हलक्या हाताने करायच्या. लस दिल्यानंतर कुणाला काही झालं, की तिथे जाऊन ते कशामुळे झालं हे शोधणं माझ्याकडे होतं. सरकारी भाषेत त्याला 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' म्हणतात. माझे यजमान त्याला 'तुझी भांडणं' म्हणायचे.

लसीच्या नावावर लोक काय काय खपवतात, ते ऐकलं तर हसाल. पिंपळनेरच्या बाजूला एका आजोबांनी तक्रार केली होती की पोलिओचे थेंब पाजल्यापासून नातू डावखुरा झाला. तक्रार आली म्हणजे जाणं भाग होतं. जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत मी पोचले. आजोबा तावातावाने बोलत होते, सुनेने चहा आणून ठेवला, आणि आजोबांनी डाव्या हाताने बशी उचलून डाव्या हातानेच फुर्र केलं. सूनच खुदकन हसली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. तक्रार तिथेच मिटली.

बहुतेक भांडणं अशीच असायची. ताप आला, गाठ आली, मूल रात्रभर किरकिरलं. ते लसीचंच असतं आणि दोन दिवसांत जातं. काही वेळा लस आणि आजार यांची फक्त तारीख जुळलेली असते. हजारो मुलांना दर महिन्याला सुई टोचली जाते, त्यातली काही मुलं त्या आठवड्यात तशीही आजारी पडणारच असतात. पण कधीतरी, फार क्वचित, लसीमुळेच काहीतरी खरं बिघडतं. माझं सगळं कसब ते ओळखण्यात होतं, आणि त्यातलंही मला सगळ्यात जास्त भिववणारं प्रकरण रक्ताचं.

रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. शेतात पाट फुटला की माणूस मिळेल ती माती, पाला घेऊन भोक बुजवतो, तसं हे कण नळीला पडलेली भोकं बुजवत असतात. दिवसभर आपल्याला न कळता त्यांचं काम चालू असतं. लस शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रू ओळखायला शिकवते. एखाद्याच्या अंगात हे पहारेकरी नव्या जोशात आपल्याच प्लेटलेटना शत्रू समजून खायला लागतात. मग जरा दाब पडला की काळंनिळं, हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त. गोवराच्या लसीनंतर हे हजारो मुलांत एखाद्याला होतं. खुद्द गोवर झाला तर त्याहून जास्त मुलांना होतं, पण हे वाक्य लोकांना ऐकवायची वेळ येते तेव्हा समोरच्याच्या मांडीवर त्याचं स्वतःचं मूल असतं. तिथे 'हजारांत' या शब्दाला काही किंमत नसते.

मोठ्या माणसांच्या प्लेटलेटचा एक किस्सा आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकायला धीर येईल. करोनाच्या लसीचे दिवस. धुळ्याच्या बाजारात एक मारवाडी शेठजी होते, तेलाचे व्यापारी, तोंडाने गोड आणि आवाजाने खणखणीत. लस घेतल्यावर थोडी कणकण आली म्हणून त्यांनी रक्त तपासलं आणि प्लेटलेट इतक्या कमी निघाल्या की घरात रडारड सुरू झाली. मी पोचले तेव्हा शेठजी गादीवर लोडाला टेकून बसले होते, सून पपईच्या पानांचा हिरवागार रस घेऊन उभी होती, आणि दोघं मुलं नाशिकला न्यायचं की थेट मुंबईला यावर वाद घालत होती.

"डॉक्टरबाई, लसीने माझ्या प्लेटलेट खाऊन टाकल्या," शेठजी म्हणाले. "मी सगळ्या बाजाराला सांगून ठेवलंय, दुसरा डोस कुणी घेऊ नका म्हणून."

काही लसींनंतर अगदी विरळा रक्तात गुठळ्या होतात आणि त्या वेळीही प्लेटलेट घटतात. म्हणून मी डोकं दुखतं का, पाय सुजलाय का, पोटात दुखतं का, दम लागतो का, सगळं खोदून विचारलं. काही नव्हतं. तोंड उघडायला लावलं, आतून स्वच्छ. पाय, पाठ, दंड, कुठे ठिपका नाही. मग हनुवटीवर बारीक कापलेलं दिसलं.

"शेठजी, हे काय?"

"सकाळी दाढी करताना लागलं. सगळं लक्ष त्या रिपोर्टात होतं ना."

"रक्त किती वेळ वाहिलं?"

"वाहिलं कुठे? तुरटी लावली, थांबलं."

रिपोर्टातला आकडा खरा असता तर ते तुरटीने थांबलं नसतं. मी नव्याने रक्त घेतलं, पण दोन नळ्यांत. रक्त गोठू नये म्हणून नेहमीच्या जांभळ्या बुचाच्या नळीत एक औषध असतं. काही लोकांच्या प्लेटलेट त्या औषधाच्या संगतीत एकमेकींना चिकटून बसतात. यंत्र बिचारं सुटे कण मोजतं, गठ्ठा त्याला मोजता येत नाही. निळ्या बुचाच्या नळीत औषध वेगळं असतं. तिच्यातलं रक्त तपासलं तर शेठजींच्या प्लेटलेट माझ्याहून छान निघाल्या. काचपट्टीवर पाहिलं तर जांभळ्या नळीतल्या रक्तात कणांचे घोळकेच्या घोळके, लग्नाच्या पंगतीत बायका बसतात तसे.

मी शेठजींना एकच अट घातली. ज्या बाजाराला घाबरवलं, त्याच बाजारात दुसरा डोस सगळ्यांदेखत घ्यायचा. वेळ आली तेव्हा त्यांनी दुकानाच्या गादीवर बाही वर करून घेतला, शेजारपाजारचे व्यापारी गोळा करून, एखादं उद्घाटन असावं अशा थाटात. त्यांच्या मागे दुकानदारांची रांग लागली. मात्र शेठजी अजूनही सांगतात की प्लेटलेट पपईच्या पानानेच वाढल्या. मी तो नाद सोडला आहे.

हे झालं हसण्यावारी. आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावात मी गेले होते ते भलत्याच कामाला. एका बाळाच्या मांडीत सुईच्या जागी गळू झालं होतं, ते बघायला. गाव सगळं केळीचं. केळी ज्यांनी फक्त टोपलीत पाहिली आहे त्यांना सांगायला हवं की केळीच्या झाडाला जिथे कापाल तिथून पाण्यासारखा चीक गळतो. गळताना त्याला रंग नसतो. वाळला की तपकिरी, मग जांभळट काळा, आणि कापडावर पडला तर कापड फाटेल पण डाग जाणार नाही. त्यामुळे त्या गावात कापणीचे कपडे वेगळे आणि लग्नाचे वेगळे. बाकी हातापायांवर, मानेवर, पोरांच्या गुडघ्यांवर चिकाचे डाग बारमाही. त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

सोबत गावची नर्स होती, निर्मला सिस्टर. गोरीपान, बारीक अंगाची, सायकलवर फिरणारी, गावातल्या प्रत्येक बाळाला नावाने ओळखणारी. गळू बघून आम्ही निघालो, आणि वाटेत एका ओट्यावर ईश्वरी दिसली. दीड वर्षाची, कुरळ्या केसांची, आईच्या पुढ्यात बसलेली. आई ज्योती तिच्या नडगीवर अर्धं लिंबू राखेत बुडवून घासत होती. पोर भोकाड पसरून रडत होती.

"काय गं, एवढं काय घासतेस?" मी विचारलं.

"हाऊ केयीना चीक शे, डॉक्टरबाई. मी रोज घासस, तरीबी निंघत नही. उलट वाढी राहिना."

पाय जांभळट ठिपक्यांनी भरले होते. निर्मला सिस्टर म्हणाली, "मॅडम, हिचा आजा केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम आहे. पोर दिवसभर बागेतच खेळते." मलाही ते पटलं. गावभर तेच डाग, तोच रंग. मी दोन पावलं पुढेही गेले होते. पण 'घासलं की वाढतं' हे शब्द कानात राहिले. लिंबाने चीक जात नसेल, पण वाढेल कसा?

मागे वळले आणि पर्समधला ग्लास काढला. पायावर दाबला. ठिपके तसेच. पण त्याने काय सिद्ध झालं? चिकाचा डागसुद्धा काचेखाली तसाच राहतो! ज्या ग्लासाच्या जिवावर मी इतकी वर्षं मिरवले, तो त्या ओट्यावर ठार निकामी ठरला. तेवढ्यात ईश्वरीने नव्या दमाने भोकाड पसरलं, तोंड पूर्ण उघडलं, आणि मला तिच्या गालाच्या आतल्या बाजूला रक्ताने भरलेला काळा फोड दिसला. टाळूवर बारीक लाल ठिपके. खालचा ओठ उलटून पाहिला, तिथेही.

चीक ओठाच्या आत लागत नाही.

कातडीवरचे ठिपके एक वेळ थांबतील, पण तोंडात आतून रक्त यायला लागलं म्हणजे प्लेटलेट अगदी तळाला गेलेल्या असतात. अशा वेळी पोर पडलं आणि डोक्याला मार लागला, तर मेंदूत रक्त उतरू शकतं. मी ज्योतीच्या हातातलं लिंबू काढून घेतलं आणि शेवटची लस कधी दिली ते विचारलं. निर्मला सिस्टरनेच उत्तर दिलं. गोवराचा दुसरा डोस, दोनेक आठवड्यांपूर्वी, तिच्याच हातचा.

एवढ्यात आजोबा आले. सुकदेव आबा. केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम, उंच, काटकुळे, अंगातल्या सदऱ्याचा मूळ रंग चिकामुळे ओळखू न येणारा. गावात त्यांचा शब्द चाले. लस टोचायची ती गावातल्या समाजमंदिरात, आणि त्याची किल्ली आबांच्या करगोट्याला. पोरीला जळगावला न्यायचं म्हटल्यावर त्यांनी घमेलं खाली टाकलं, सगळं ऐकून घेतलं, आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "माले फक्त एक सांगा, डॉक्टरबाई. हाई लसमुये व्हयनं का?"

आजूबाजूला माणसं जमली होती. निर्मला सिस्टर सायकलचा दांडा धरून उभी होती. त्या क्षणी 'तपासल्यावर सांगू' म्हणणं सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं. पण ज्या माणसाची नात मी उचलून नेणार होते, त्याला अर्धवट उत्तर देऊन गाडीत बसवणं मला जमेना.

"आबा, बहुतेक लसीमुळेच," मी म्हणाले. "फार क्वचित होतं. हिला झालं. बरी होईल असं मला वाटतं, पण आत्ता एक मिनिटही घालवायचं नाही."

आबांनी करगोट्याची किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. "पोर बरी व्हई तवलोंग कुलूप उघडनार नही," एवढं म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. जाताना निर्मला सिस्टरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कुणीतरी मागून तिला ऐकवलं की आता गावात पाय ठेवू नको.

कुलूप म्हणजे काय, ते मला आणि सिस्टरलाच कळत होतं. गावापासून हाकेच्या अंतरावर सातपुड्यातून आलेल्या मजुरांची वस्ती होती, आणि तिथे गोवर आलेला होता. गावातली कितीतरी पोरं दुसऱ्या डोसाची राहिली होती, काहींचा तर पहिलाही झाला नव्हता.

जळगावला मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. या वेळी मी नळीचा खेळ आधीच बाद करून टाकला, दोन्ही नळ्यांत तोच निकाल. प्लेटलेट जवळजवळ नव्हत्याच. मग मनात जी दुसरी भीती असते ती, रक्ताचा कॅन्सर. तिथले बालरोगतज्ज्ञ आणि मी, दोघं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचपट्टीवरचा कोपरा न् कोपरा बघत बसलो. बाकी पेशी ठणठणीत होत्या. कॅन्सर नव्हता. पहारेकऱ्यांचाच घोटाळा होता.

औषध शिरेतून सुरू झालं. खाटेच्या चारी बाजूंना गोधड्या बांधल्या. पडायचं नाही, पळायचं नाही, कुल्ल्यावर सुई नाही, दुखण्यावरच्या ठरावीक गोळ्या नाहीत. दीड वर्षाच्या पोरीला 'पळू नको' सांगून बघा. शेवटी आबांनीच तिला मांडीवर घेतलं आणि जवळजवळ खाली ठेवलंच नाही.

मी बॉलपेनने तिच्या पायांवरच्या ठिपक्यांभोवती गोल काढले. गोलाच्या बाहेर नवे ठिपके आले तर रोग अजून चालू आहे, न आले तर थांबला. आबांना हे पटकन समजलं. "केयीना कापाना घडले खूण करतस तशी," ते म्हणाले. त्या दिवसापासून सकाळी मी वॉर्डात पाऊल टाकायच्या आत आबांची फेरी झालेली असायची. पोरीला खिडकीशी न्यायचं, फ्रॉक वर करून पाय तपासायचे, मग म्हणायचं, "आ कर." ईश्वरी आ करायची. आबा मान तिरकी करून गालाच्या आत बघायचे, घडातली केळी भरली की नाही हे बघताना बघत असतील तसे.

याच दिवसांत जिल्ह्याच्या आमच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना लसीकरणाच्या मोहिमेची काळजी होती आणि त्याहून जास्त वर्तमानपत्रांची. म्हणाले, "डॉक्टर, अहवालात योगायोग लिहून टाका ना. गाव शांत होईल."

"साहेब, गावाला मी खरं आधीच सांगून बसलेय."

"का सांगितलंत?"

"आजोबांनी विचारलं म्हणून."

मग ते म्हणाले, "पोरगी बरी झाली नाही तर?" मी फोन ठेवला, पण त्या प्रश्नाने मला झोपू दिलं नाही. पोर हातची गेली असती, तर माझ्या खरेपणाचं काय करायचं होतं? निर्मला सिस्टरचा रोज फोन यायचा. ती रडत नसे, फक्त विचारायची, "आज तोंडात काय आहे?" मजूरवस्तीत आणखी पोरांना गोवर फुटल्याचंही तिनेच सांगितलं. त्यातल्या एका मुलाचा डोळा गेला. त्याला तर कुठल्याच गावात, कुणीच, कधीच लस दिलेली नव्हती, कारण त्याचे आईबाप एका जागी थांबतच नव्हते. ते पोर आम्हाला आधी सापडलं असतं तर! ही रुखरुख माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आणि मग एका सकाळी आबा मला वॉर्डाच्या दारातच आडवे आले. मुकादम माणूस, पण आवाज लहान पोरासारखा चिरकला होता.

"डॉक्टरबाई, आज नवा एकबी डाग नही! गोलना बाहेर कायबी नही! अन् गालमझारला फोड सुकी गया!"

मी धावतच गेले. ईश्वरी आ करून तयारच बसली होती, तिला आता सवयच झाली होती. काळा फोड आक्रसून पिवळट झाला होता. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला, प्लेटलेट चढायला लागल्या होत्या. दुसऱ्या वेळी आणखी चढल्या. मला इतका आनंद झाला की तो कुणाला दाखवावा ते कळेना. बालरोगतज्ज्ञ गंभीर माणूस, त्यांच्यासमोर नाचता येईना. शेवटी दवाखान्याबाहेरच्या गाडीवरून केळ्याचे वेफर्स घेतले आणि वॉर्डातल्या सगळ्यांना, अगदी झाडणाऱ्या मावशींनाही, वाटले. आबांनी एक वेफर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले की केळं कच्चं कापलंय.

पोर घरी गेली त्या दिवशी मीही जीपमध्ये होते. आबा उतरले ते स्वतःच्या घरी गेले नाहीत. नातीला खांद्यावर घेतलं आणि गावातल्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारात उभं राहायचे, तिचे पाय दाखवायचे, ती न सांगता आ करायची. आबा प्रत्येक दारात तेच बोलत होते.

"दखा. लसमुयेच व्हयनं. डॉक्टरबाईनी माले तोंडवर सांगं, लपाडं नही. आते पोर बरी शे. ज्याले दखनं शे त्यानी दखी ल्या."

लसीमुळे काही झालंच नाही, असं कुणी सांगितलं असतं तर त्या गावाने ऐकलं नसतं. झालं, आणि बरंही झालं, हे सांगणारा माणूस खांद्यावर पुरावा घेऊन दारात उभा होता. तरी एका बाईने विचारलंच, "आबा, आमना पोरेसले असं व्हयनं तं?"

"तं मी शे, सिस्टर शे, डॉक्टरबाई शे," आबा म्हणाले. "डाग दिसना का पोरनं तोंड उघाडी दखानं. चीक तोंडमा जात नही."

मग त्यांनी समाजमंदिराचं कुलूप काढलं. आत धूळ बसली होती. ती ज्योतीने झाडली. निर्मला सिस्टर सायकल घेऊन वेशीपाशीच थांबली होती, आत यायला धजत नव्हती. आबा स्वतः चालत गेले, सायकलचा दांडा धरला आणि सायकलच आत घेऊन आले. सिस्टरला मागोमाग यावंच लागलं. पुढच्या लसीच्या दिवशी समाजमंदिराच्या बाहेर चपलांचा ढीग होता. गोवर मजूरवस्तीतून गावाकडे सरकला खरा, पण गावातल्या एकाही पोराला शिवला नाही. वस्तीवरच्या पोरांनाही आबांनी आपल्या टोळीच्या ट्रॅक्टरमधून तिथेच आणून बसवलं. मी आयुष्यात बऱ्याच लढाया पाहिल्या, त्यातली ही आम्ही पुरती जिंकली.

निवृत्त झाल्यावर ग्लास पर्समधून स्वयंपाकघरात गेला आणि धुताना फुटला. मला फारसं वाईट वाटलं नाही. मध्यंतरी निर्मला सिस्टरने गावात बोलावलं, तिच्या निरोपसमारंभाला. केळीची कापणी जोरात होती. समाजमंदिरापाशी उतरले तर समोरून एक शाळकरी पोर पळत येत होती, दोन वेण्या, फ्रॉक गुडघ्यापर्यंत, आणि दोन्ही नडग्या जांभळ्या काळ्या डागांनी भरलेल्या.

मी जागच्या जागी थिजले. हात पर्समध्ये गेला, ग्लास नव्हता. सगळे हिशेब डोक्यातून झरझर गेले, पुन्हा उलटलं का, इतक्या वर्षांनी असं होतं का, जळगावला किती वेळात पोचू. मागून ज्योती ओरडत होती, "भ्याऊ नका, डॉक्टरबाई! आज खरंच चीक शे!" पण माझ्या कानात ते शिरतच नव्हतं.

ईश्वरी माझ्यासमोर येऊन थांबली. तिने माझा चेहरा पाहिला. ही बाई कोण, हे तिला आठवत असणं शक्यच नव्हतं. पण डाग बघून घाबरलेलं माणूस तिला ओळखता येत असावं. ती टाचा उंचावून माझ्यापाशी आली, मान मागे टाकली, आणि कुणी काही सांगायच्या आत तोंड एवढं मोठं उघडलं की पडलेल्या दोन दातांच्या खिडकीतून थेट पडजिभेपर्यंत दिसलं.

"आऽऽऽ!"

आतून सगळं गुलाबी होतं, स्वच्छ होतं. मी तिला उचलून घेतलं. माझ्या नव्या साडीला चीक लागला आणि तो डाग अजून गेलेला नाही.